हिंगणघाटचा मोजणीवाला आणि डळमळीत समीकरणे

हिंगणघाट म्हटले की आपल्याकडच्या माणसाला कापूस आठवतो. एके काळी विलायतेच्या बाजारात ‘हिंगणघाट’ याच नावाने कापसाची एक जात ओळखली जायची, हे भूगोलाच्या तासाला मुलांना सांगताना छाती जरा फुगायची. पण त्याच हिंगणघाटात १८२३ सालच्या जानेवारीत सत्तरीच्या आसपासचा एक इंग्रज हैदराबादहून नागपूरला जाता जाता मरण पावला आणि तिथेच त्याची कबर झाली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्याचे नाव विल्यम लॅम्बटन. मोझरीहून आर्वी-वर्धा करत निघालो तर अर्ध्या दिवसात त्याच्या कबरीपाशी पोचता येते.

आज त्याच्याबद्दल लिहायचे कारण जरा वेगळे आहे. आमचा एक भाचा पुण्याला इंजिनिअर आहे. मागे फोनवर बोलता बोलता म्हणाला, “मामा, आज कॉम्प्युटरने उत्तर दिले आणि वर सांगितले की या उत्तरावर फार भरवसा ठेवू नका!” मला गंमत वाटली. यंत्र स्वतःच्याच उत्तराबद्दल शंका घेते? मग त्याने ‘कंडिशन नंबर’ नावाची भानगड समजावून सांगितली. मी बी. ए. झालेला मास्तर, त्यातले निम्मे डोक्यावरून गेले. पण ‘कंडिशन’ हा शब्द ऐकून कान टवकारले. कारण हाच शब्द जमीन मोजणारे लोक त्रिकोणाबद्दल वापरतात, आणि तो त्रिकोण मला थेट हिंगणघाटच्या कबरीपाशी घेऊन गेला. त्यानंतर पुष्कळ वाचले. जे समजले ते माझ्या भाषेत मांडतो आहे.

तर आधी लॅम्बटनसाहेब. १८०२ साली एप्रिल महिन्यात मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी त्याने एक सरळ रेघ मोजायला घेतली. लांबी साडेसात मैल. मोजायला शंभर फुटांची पोलादी साखळी. उन्हाने साखळी वाढते, म्हणून ती सावलीत ठेवायची, तिच्याजवळ थर्मामीटर ठेवायचे, ताण सारखा राहील असे बघायचे. अशा सुमारे चारशे साखळ्या मांडायला ५७ दिवस लागले. साडेसात मैल! आपण पालखीबरोबर चालतो तेव्हा एवढे अंतर सकाळच्या न्याहारीआधी पार पडते.

एवढा आटापिटा एकाच रेघेसाठी का? कारण त्यानंतर साखळीचे काम जवळजवळ संपते. त्या रेघेच्या दोन टोकांवरून दूरची एक टेकडी दुर्बिणीतून बघायची आणि दोन कोन मोजायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले की त्रिकोणाच्या बाकीच्या बाजू घरात बसून काढता येतात (आपल्या दहावीच्या भूमितीतला साइन आणखी एक पायरी पुढे न्यावा लागतो, एवढेच). काढलेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत हा माणूस दक्षिणेच्या टोकापासून वर वर सरकत आला. मधूनमधून कुठेतरी पुन्हा साखळी टाकून खरी रेघ मोजायची आणि गणिताने आलेल्या लांबीशी ताडून बघायची. १८०४ मध्ये बंगलोरजवळ असे ताडून पाहिले तेव्हा कित्येक मैलांच्या रेघेत फरक निघाला तो अवघ्या काही इंचांचा.

कोन मोजायचे त्याचे यंत्र म्हणजे थिओडोलाइट. वजन अर्धा टन. ते इंग्लंडहून येत असताना फ्रेंचांनी जहाजच पकडले आणि मॉरिशसला नेले. पण यंत्र कसले आहे ते कळल्यावर त्यांनी सन्मानाने पुढे पाठवून दिले. (शत्रूसुद्धा त्या काळी विद्येची चाड ठेवत असत. असो.) १८०८ मध्ये तंजावरला तेच यंत्र देवळाच्या उंच गोपुरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. कोन वाचायची मोठी चकती वाकली. दुसरा कोणी असता तर इंग्लंडला पत्र लिहून दोन वर्षे वाट बघत बसला असता. लॅम्बटन तंबूत शिरला, जवळजवळ कोणाला आत येऊ दिले नाही, आणि सहा आठवडे खपून ती चकती एक एक केसभर ओढत पुन्हा गोल केली. त्या दुरुस्त चकतीवर पुढची कित्येक वर्षे काम झाले.

आता मुद्द्याची गोष्ट. एवढे यंत्र, एवढी काळजी, तरी कोनात थोडी चूक राहणारच. वारा असतो, उन्हाळ्यात हवा थरथरते, डोळा थकतो. चूक शून्य करणे मोजणाऱ्याच्या हाती नसते. त्याच्या हाती असते ते एवढेच, की त्या चुकीची पुढे किती पट होऊ द्यायची. आणि हे ठरते त्रिकोणाच्या बांध्यावर.

फळ्यावर मी हे अनेकदा दाखवले आहे, तेव्हा त्याला एवढे मोठे नाव आहे हे माहीत नव्हते. खडूच्या रेघेला जाडी असते. दोन रेघा एकमेकींना आडव्या छेदल्या तर छेद म्हणजे एक लहानसा ठिपका. पण त्याच दोन रेघा जवळजवळ समांतर काढल्या तर त्या कुठे भेटतात ते सांगताच येत नाही, चांगला वीतभर पांढरा पट्टा दिसतो. त्यातला कुठलाही बिंदू दाखवा, मुले म्हणणार ‘हाच!’

आकड्यात बघू. समजा आमच्या मोझरीच्या शिवारात १ किलोमीटरचा पाया आखला, आणि समोर एका टेकडीवर निशाण लावले (आमच्या दासटेकडीवर म्हणा हवे तर). टेकडी अशी असेल की तिन्ही कोन ६० अंशांचे होतात, तर निशाणही १ किलोमीटरवर आहे. आता पायाच्या एका टोकाचा कोन मोजताना १ कलेची, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाची चूक झाली. दुसऱ्या टोकापासून निशाणाच्या अंतरात फरक पडेल साधारण ३४ सेंटिमीटर. ठीक आहे, चालून जाईल. आता दुसरे निशाण घ्या, खूप दूरचे. पाया तोच १ किलोमीटर, पण दोन्ही टोकांचे कोन ८८-८८ अंश, म्हणजे निशाणापाशी उरला फक्त ४ अंशांचा सुळका. ते निशाण सव्वाचौदा किलोमीटरहून थोडे पुढे आहे. तेवढ्याच एका कलेच्या चुकीने इथे फरक पडतो सुमारे ६० मीटरचा! दर किलोमीटरला हिशोब केला तरी पहिल्यापेक्षा बारा पट. माणूस तोच, यंत्र तेच, चूक तेवढीच. दोष सुळक्याचा.

म्हणून मोजणीच्या पुस्तकात लिहिलेले असते की त्रिकोणाचा कुठलाही कोन शक्यतो ३० अंशांपेक्षा लहान नको आणि १२० पेक्षा मोठा नको. अशा त्रिकोणाला ते ‘वेल-कंडिशन्ड’ म्हणतात. मी आपला ‘चांगल्या बांध्याचा त्रिकोण’ म्हणतो. लॅम्बटन काय किंवा त्याच्यानंतर काम हाती घेणारा जॉर्ज एव्हरेस्ट काय, दोघेही टेकड्या निवडताना हेच बघत. पुढे गंगेच्या सपाट प्रदेशात टेकड्याच नव्हत्या, तर एव्हरेस्टने तिथे विटांचे उंच मनोरे बांधून घेतले, पण त्रिकोणाचा बांधा बिघडू दिला नाही.

आपल्या वऱ्हाडातून ही त्रिकोणांची माळ गेली आहे बरे का. एलिचपूरच्या (आजचे अचलपूर) मुलखातले टाकळखेडा हे तिच्यातले एक महत्त्वाचे ठाणे होते. एव्हरेस्टने १८३० मध्ये जे पुस्तक छापले त्यात १८ अंश ३ कलांपासून २४ अंश ७ कलांपर्यंतच्या कमानीचा हिशोब आहे आणि टाकळखेडा बरोबर तिच्या मधोमध येते. तिथे ताऱ्यांवरून अक्षांश काढताना ओळंबा लागतो. एव्हरेस्टला शंका आली की उत्तरेकडचे डोंगर त्या ओळंब्याला स्वतःकडे ओढत असावेत! आपला सातपुडा, मेळघाटाकडे जाताना दिसतो तो, शिशाच्या गोळ्याला किंचित खेचतो आहे, ही कल्पनाच मला फार आवडली. पण ही चूक निराळ्या जातीची आहे. डोंगराने ओळंबा ओढला तर माहितीच चुकीची आली. बांधा वाईट असला तर माहिती जवळजवळ बरोबर असूनही उत्तर वाहवत जाते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळायला मला बराच वेळ लागला.

आता त्रिकोणाकडून समीकरणांकडे येऊ. या मोजणीच्या कचेरीत ‘कॉम्प्युटर’ हे माणसाचे पद होते. गणकाचे. १८३१ मध्ये राधानाथ सिकदार नावाचा बंगाली तरुण त्या पदावर लागला, आणि हिमालयाच्या पंधरा नंबरच्या शिखराची उंची ठरवण्याच्या हिशोबात पुढे त्याचे नाव आले. शिखराला नाव मात्र एव्हरेस्टचे मिळाले. या गणकांपुढे कोन येत ते गरजेपेक्षा जास्त, आणि एकमेकांशी तंतोतंत न जुळणारे. सगळ्यांची सांगड घालायची तर शेकडो समीकरणे एकदम सोडवावी लागत. अख्ख्या देशाचे जाळे एकदम सोडवणे हातांनी अशक्य होते, म्हणून जनरल वॉकरच्या काळात जाळ्याचे पाच तुकडे केले, चार चौकोन आणि दक्षिणेचा एक त्रिकोण, आणि एकेक तुकडा सोडवला.

एकसामयिक समीकरणे आपण सगळ्यांनीच शाळेत सोडवली आहेत. दोन समीकरणे म्हणजे आलेखावरच्या दोन रेघा, त्या छेदतात तिथे उत्तर. म्हणजे फळ्यावरच्या त्या दोन खडूच्या रेघाच की! रेघा आडव्या छेदत असतील तर उत्तर ठाम, जवळजवळ समांतर असतील तर उत्तर डळमळीत. सुळका पुन्हा आलाच.

किराण्याचे उदाहरण घेतो, म्हणजे आमच्या घरच्या मंडळींनाही पटेल. दुकानातून १० किलो तूरडाळ आणि १० किलो हरभराडाळ आणली, बिल झाले २००० रुपये. दुसऱ्यांदा तूरडाळ १० किलोच आणि हरभराडाळ १० किलो १०० ग्रॅम, बिल २००८. भाव काय? शंभर ग्रॅमचे ८ रुपये, म्हणजे हरभराडाळ ८० रुपये आणि तूरडाळ १२० रुपये किलो. सोपे आहे. पण दुकानदाराने सुट्या पैशांची कटकट नको म्हणून दुसरे बिल २०१० केले तर? आता दोन्ही डाळी १०० रुपये किलो! आणि भल्या माणसाने उलट ३ रुपये सोडून २००५ घेतले तर हरभराडाळ ५० आणि तूरडाळ १५०. दोन हजारांच्या बिलात दोन-तीन रुपयांचा फरक, आणि भावात असा उत्पात. आता हेच, दुसऱ्या वेळी हरभराडाळ २० किलो घेतली असती तर बिल २८०० झाले असते. त्यात ५ रुपये इकडे-तिकडे झाले तरी भाव पन्नास पैशांनीच हलला असता.

यात एक आणखी गोम आहे. शाळेत आपण मुलांना सांगतो, उत्तर परत समीकरणात घालून ताळा करून बघा. पुस्तकातल्या गणितात ते बरोबरच आहे, तिथले आकडे तंतोतंत असतात. पण वरच्या डाळीच्या हिशोबात दोन्ही भाव १०० हे चुकीचे उत्तर घालून बघा. पहिले बिल २०००, अगदी बरोबर. दुसरे २०१०, खऱ्या २००८ च्या किती जवळ! ताळा जवळजवळ जुळतो आणि उत्तर मात्र वीस-वीस रुपयांनी चुकलेले. डळमळीत समीकरणांत ताळ्यावर विसंबून चालत नाही. माझ्यासारख्या जुन्या मास्तराला हे वाचून अंमळ धक्काच बसला.

कोणी म्हणेल, यात नवीन ते काय, निश्चयक शून्याच्या जवळ असला की गडबड होणारच. आपल्या क्रेमरच्या पद्धतीत निश्चयक शून्य आला की उत्तर नाही, मग लहान आला की वाईट उत्तर, असे वाटणे साहजिक आहे. पण ते खरे नव्हे. डाळी किलोऐवजी ग्रॅममध्ये लिहा. चारही आकडे हजारपट झाले, निश्चयक दहा लाखपट झाला, पण डाळ तीच आणि डळमळ तीच. तेव्हा निश्चयकाचा मोठेपणा बघून काही कळत नाही. रेघांमधला सुळका सांगेल असा दुसरा आकडा हवा.

तो आकडा म्हणजेच कंडिशन नंबर. नाव दिले अॅलन ट्युरिंगने, १९४८ मध्ये छापलेल्या एका लेखात. होय, तोच ट्युरिंग, युद्धात जर्मनांच्या गुप्त संदेशांवर काम केलेला. (त्याचे वडील मद्रास इलाख्यात आय. सी. एस. अधिकारी होते. लॅम्बटनची साखळी पडली तोच इलाखा. नुसता योगायोग, पण लिहिल्यावाचून राहवले नाही.) त्या काळात विद्वानांना एक भीती होती. अमेरिकेतले होटेलिंग यांनी १९४३ मध्ये मांडले होते की समीकरणे एकेक पायरीने सोडवत जाताना आकडे थोडे थोडे तोडावे लागतात, आणि ती चूक दर पायरीला चौपट होऊ शकते. १८ समीकरणे असली तर १७ पायऱ्या, म्हणजे चूक सुमारे १,७१८ कोटी पट! असे असेल तर कितीही मोठे यंत्र बांधून उपयोग काय?

युद्धानंतर इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत खरोखरच १८ समीकरणांचे एक काम आले. ट्युरिंग, विल्किन्सन, फॉक्स आणि गुडविन या चौघांनी ते टेबलावरच्या गणनयंत्रांवर हातांनी केले. उत्तरे परत घालून पाहिली तर ताळा त्यांच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगला जुळला. चौपटीचा बागुलबुवा प्रत्यक्षात आलाच नाही. ही हकीकत विल्किन्सन यांनी १९७० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितली आहे. पद्धत बदनाम झाली होती ती उगाच. जिथे उत्तर खरोखर बिघडते तिथे दोष बहुतेक वेळा प्रश्नाच्या बांध्याचा असतो, आणि तो मोजायचा कसा यावर ट्युरिंगने बोट ठेवले.

मोजायचा कसा? समीकरणांतले आकडे एका चौकटीत मांडले की त्याला मॅट्रिक्स म्हणतात. त्या चौकटीची एक ‘उलट’ चौकट असते, भागाकाराला जसा उलट अपूर्णांक असतो तशी. मूळ चौकटीचा आकार आणि उलट चौकटीचा आकार यांचा गुणाकार म्हणजे कंडिशन नंबर. आपल्या डाळीच्या पहिल्या हिशोबाचा हा आकडा येतो ४०४, आणि २० किलोवाल्या हिशोबाचा फक्त ९. बिलातली चूक भावात जास्तीत जास्त इतक्या पटीने फुगू शकते, असा त्याचा अर्थ. दहाच्या जितक्या पटी, तितके उत्तरातले शेवटचे आकडे गेले म्हणून समजायचे. साध्या कॉम्प्युटरच्या हिशोबात सोळा-एक आकडे खरे असतात, तेव्हा ४०४ म्हणजे दोन-तीन आकडे गेले, फार बिघडले नाही. पण १, अर्धा, एक तृतीयांश, एक चतुर्थांश अशा निरागस अपूर्णांकांची हिल्बर्टची एक प्रसिद्ध चौकट आहे. तिच्यात फक्त १० ओळी घेतल्या तरी कंडिशन नंबर १६ लाख कोटींच्या घरात जातो. तेरा आकडे गेले! दिसायला किती साधी. त्रिकोणाचा बांधा टेकडीवरून डोळ्यांनी दिसत होता, दोन रेघांचाही फळ्यावर दिसतो, पण दहा किंवा हजार ओळींची चौकट नुसती बघून काही कळत नाही.

आणि इथेच खरी अडचण. उलट चौकट काढणे हे मूळ गणितापेक्षा महाग. हजार समीकरणे सोडवायला साधारण ६७ कोटी गुणाकार-बेरजा लागतात. त्याच कामावर पुढे उलट चौकट काढायची तर आणखी १३३ कोटी. म्हणजे उत्तर किती विश्वासाचे हे विचारायला उत्तराच्या दुप्पट खर्च! रोज कोण करील? मोजणी खात्याने प्रत्येक शेत मोजल्यावर ‘आमची मोजणी बरोबर आहे का’ हे तपासायला दोन शेतांचे पैसे मागितले तर कोणी देईल का?

मडके विकत घेताना आपण काय करतो? ते फोडून त्याची जाडी बघत नाही. बोटाने टिचकी मारतो आणि आवाज ऐकतो. १९७९ मध्ये क्लाइन, मोलर, स्ट्युअर्ट आणि तेच विल्किन्सन या चौघांनी चौकटीला अशी टिचकी मारायची युक्ती प्रसिद्ध केली. समीकरणे एकदा सोडवताना चौकटीचे जे दोन सोपे तुकडे पडलेले असतात ते हाताशी असतातच. त्यांचा उपयोग करून उजव्या बाजूला आपल्या मनाचे आकडे घालायचे, सगळे अधिक एक किंवा उणे एक, आणि उत्तर किती मोठे येते ते बघायचे. अशी एक टिचकी हजार समीकरणांना सुमारे २० लाख क्रियांत पडते. १३३ कोटींपुढे काहीच नाही.

पण टिचकी योग्य जागी बसली पाहिजे. पुन्हा डाळ. दहाने भागून समीकरणे लिहू: तूर अधिक हरभरा, आणि तूर अधिक १.०१ हरभरा. उजवीकडे दोन्ही ठिकाणी १ घातला तर तूर १, हरभरा ०. अगदी शहाणे उत्तर, मडके पक्के वाटते. आता पहिल्यात १ आणि दुसऱ्यात उणे १ घाला. हरभरा उणे २००, तूर २०१! चीर ऐकू आली. या २०१ ला चौकटीच्या आकाराने, म्हणजे २.०१ ने गुणले की तेच आपले ४०४. उलट चौकट न काढता.

दोन समीकरणांत अधिक-उण्याच्या जोड्या चारच. १८ मध्ये २,६२,१४४. हजारात तर मोजायचीच सोय नाही. म्हणून त्या चौघांनी चिन्हे आधी ठरवून न टाकता एकेक पायरीला, उत्तर जास्त फुगेल ते चिन्ह निवडत जायचे ठरवले. १९८४ मध्ये विल्यम हेगर यांनी याहून चलाख वाट काढली. एक टिचकी सुलट मारायची, तिच्या आवाजावरून एक उलट बाजूने मारायची, आणि ती दुसरी सांगते की पुढची कुठे मारल्यास आवाज वाढेल. वाढायचा थांबला की थांबायचे. मँचेस्टरच्या निकोलस हायम यांनी १९८८ मध्ये ती सुधारून पक्की केली आणि तीच पुढे जगभर वापरल्या जाणाऱ्या गणिती प्रोग्रॅमांत गेली. हे हायम २०२४ मध्ये वारले. साठीच्या जरा पुढचे होते. भाच्याच्या पडद्यावर जी सूचना आली होती तिच्यातला आकडा अशाच टिचकीचा होता.

हा अंदाज आहे, पुरावा नव्हे, हेही सांगायला हवे. टिचकीने निघालेला आकडा खऱ्यापेक्षा मोठा कधी येत नाही, आला तर लहानच. म्हणजे तो ‘वाईट’ म्हणाला तर वाईटच, ‘चांगले’ म्हणाला तर बहुधा चांगले. त्याला हमखास फसवणाऱ्या चौकटी मुद्दाम रचता येतात आणि लोकांनी रचल्याही आहेत. पण रोजच्या कामात तो बहुतेक वेळा खऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत येत नाही. आणि ते पुरते. कारण आपल्याला जाणून घ्यायचे असते ते दोन आकडे गेले की तेरा. चारशे चार की तीनशे नव्वद याच्याशी कोणाला काय करायचे आहे?

मला या सगळ्यात हीच गोष्ट मोठी वाटते. लॅम्बटनने ५७ दिवस साखळी मांडली ती हट्टी अचूकपणे, पण त्रिकोणाचा बांधा बघताना तो नजरेच्या अंदाजाने चाले. तिथे सेकंदापर्यंत अचूकपणा नकोच होता. कुठे केसभर मोजायचे आणि कुठे टिचकीवर भागवायचे, हे कळणे हीसुद्धा एक विद्या आहे.

आपल्या मराठी माणसाचाही या भानगडीशी संबंध येतो. ग्वाल्हेरचे नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये मोठाल्या नियोजनाच्या गणितांसाठी जी नवी पद्धत काढली (वर्तमानपत्रांत तेव्हा खूप गाजली होती), तिच्यात दर पायरीला एक मोठी चौकट सोडवावी लागते, आणि उत्तर जवळ येऊ लागले की नेमका तिचा बांधा बिघडत जातो. त्यावर अजूनही विद्वान लिहीत असतात. ते मात्र माझ्या आवाक्याबाहेरचे.

आवाक्यातले एवढेच की आमच्या भागात धुऱ्याचे वाद तीन-तीन पिढ्या चालतात. दोन हात धुरा इकडे सरकला म्हणून सख्खे भाऊ कोर्टात उभे राहिलेले मी पाहिले आहेत. आता मोजणीला साखळीऐवजी उपग्रहांवर चालणारे रोव्हर यंत्र येते. तेही त्रिकोणाच्याच नात्यातले. आकाशातले उपग्रह चहूकडे पसरलेले असले तर जागा ठाम निघते, सगळे एकाच बाजूला गोळा झालेले असले तर सुळका होतो आणि धुरा सरकतो. असला बांधा सांगणारा एक आकडा त्या यंत्राच्या पडद्यावरही येतो. तो फार मोठा असला तर जाणता मोजणीदार खांब रोवून तसाच बसून राहतो. शेतकरी विचारतो, “साहेब, काहून थांबले?” साहेब वर आभाळाकडे बोट दाखवतो. पुढच्या वेळी मोजणी आली तर त्या पडद्यावरचा आकडा विचारून घ्या, आणि मोजणीच्या कागदावर लिहून मागा.